पाळकबाबांचं कुलूप

"ख्रिस्तानं मला मुक्त केलंय ना? मग मला कोण बांधणार, बाबा?"

सुमंतनं हे तिसऱ्यांदा विचारलं. धर्मशिक्षणाच्या परीक्षेत तो पहिला आला होता, आणि ते ठाऊक नसलेलं माणूस गावात उरलं नव्हतं.

बोर्डे पाळकबाबा झग्याची बटणं लावत होते. समोर चर्चच्या अंगणात बँड दणाणत होता. सुमंतच्या धाकट्या भावाचं, उल्हासचं लग्न होतं.

"नवरदेवाचा थोरला भाऊ माझ्या घरी काय करतोय?"

"उल्हासनं पत्रिका चुलत्याच्या हाती पाठवली. स्वतः आला नाही. मी काय परका आहे? मी नाही जाणार. माझी मर्जी. मी स्वतंत्र माणूस आहे."

"वा! मोठा सुखी माणूस."

सुमंतचा पाय मघापासून बँडवर ठेका धरत होता. बाबांनी तिकडं पाहिलं. त्यानं पाय आवरला.

"बरं, बस निवांत. मला लग्न लावायचंय."

बाबा बाहेर पडले. त्यांनी दार ओढून घेतलं, कडी घातली आणि कुलूप लावलं.

"बाबा! अहो, मी आत आहे!"

"मग? तुला कुठं जायचंय?"

…

बँडनं चाल बदलली. बायका हसू लागल्या. नवरी आली असावी.

"बाबा, दार उघडा."

"का रे? पाणी हवंय का? माठ भरलेला आहे." बाबा अजून दाराबाहेरच उभे होते.

"पाणी नको."

"मग?"

…

"माझ्या भावाचं लग्न आहे हो!"

पत्रिका आल्यापासून दोन महिन्यांत त्याच्या तोंडून 'भाऊ' हा शब्द निघाला नव्हता.

कुलूप उघडलं. सुमंत एकाच पायात चप्पल घालून धावत सुटला. डोळे ओले होते आणि चेहरा मात्र हसत होता. चर्चच्या दारात उल्हास मुंडावळ्या सावरत उभा होता. नवरी येऊन पोचली तरी त्याची नजर रस्त्यावरच होती. थोरल्याला पाहताच त्यानं दोन्ही हात वर केले.

फाटकाशी सुमंत एकदम थबकला. माणसाची जुनी खोड, ती अशी सुटते होय!

"पण बाबा… माझ्या मानाचं काय?"

बाबा पुन्हा दार ओढून घेत होते.

"तो राहू दे आत. मी कुलूप लावतोय."