तीन वल्ही

एकदा एक माणूस वल्हं निवडायला म्हणून घरातून निघाला आणि तीन दिवस निवडतच राहिला. तुम्ही म्हणाल, वल्ह्यात निवडण्यासारखं असतं तरी काय? जनालाही नेमकं हेच वाटत होतं.

जना खाडीकाठचाच, पण दहा वर्षं शहरातल्या कारखान्यात काढून परतलेला. कारखाना बंद पडला, आता पोट पाण्यावर भरायचं होतं. घरी एकाच लाकडातून कोरलेली लहानशी डोण होती, एकट्याने जावं, गळ टाकावा आणि यावं अशी. मोठा मासा मिळे तो खाडीच्या मुखाशी, खडकापाशी. पण त्याची बायको शेवंती हटून बसली होती. "धाकूआबा हो म्हणाले तरच एकट्याने मुखाशी जायचं. नाहीतर मी डोणीत आडवी पडेन," असं तिने स्वच्छ सांगितलं होतं. तिला सातवा महिना होता, त्यामुळे या धमकीपुढे जनाचं काही चालेना.

धाकूआबा हे त्या वाडीतले सर्वांत वृद्ध नाखवे. पाण्यावरची साठ वर्षं त्यांच्या अंगात मुरलेली. बोलणं अत्यंत कमी, आणि जे बोलत त्याचाही अर्थ लगेच लागत नसे. पहिल्या दिवशी सकाळी जना विचारायला गेला तेव्हा त्यांनी त्याच्यापुढे तीन वल्ही ठेवली. पहिलं सागाचं, लांब, सुपाएवढ्या रुंद पात्याचं. दुसरं मध्यम. तिसरं शिवणीच्या हलक्या लाकडाचं, अरुंद पात्याचं, दिसायला अगदीच किरकोळ.

"निवड," आबा म्हणाले.

जनाने रीतसर परीक्षा केली. वल्हं उभं धरलं, हात वर करून बोटं टोकावर वळतात का ते पाहिलं, मग एकेक घेऊन डोण पाण्यात घातली. रुंद पात्याच्या दोन फटकाऱ्यांत डोण अशी सुटली की काठावरची माणसं वाहवा करू लागली. जना हसतच परतला. "आबा, हेच."

आबांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि झोपडीत नेऊन ठेवलं. "आज नको. आधी बांधाला चिखल टाक."

खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या खारबांधाला भगदाड पडलं होतं. दिवसभर जनाने चिखलाच्या पाट्या वाहिल्या. संध्याकाळी आबांनी त्याच्याकडे एकवार पाहिलं आणि "जा घरी" एवढंच म्हणाले. वल्ह्याचं नावही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच तीन वल्ही. जनाने पुन्हा रुंदच उचललं. आबांनी पुन्हा ते काढून घेतलं आणि दिवसभर त्याला दुसऱ्यांच्या होड्या वाळूवर ओढायला लावलं. आता जनाच्या डोक्यात गोंधळ माजला. चूक वल्ह्याची की आपली? की म्हाताऱ्याला फुकटचा गडी हवा होता? शेवंतीने विचारलं, "काय म्हणाले?" तेव्हा त्याला काही सांगता येईना. आबा नाही म्हणाले नव्हते आणि हो तर मुळीच म्हणाले नव्हते.

रात्रभर विचार करून त्याने एक शहाणपणा केला. रुंद पातं आबांना रुचत नाही, अरुंद तर कोणीच घेणार नाही, तेव्हा तिसऱ्या सकाळी त्याने मधलं वल्हं पुढे केलं.

आबा प्रथमच संतापले. "हे वल्हं बघून उचललंस की माझं तोंड बघून? मी येणार आहे का खडकापाशी तुझ्याबरोबर? चल, बांधावर!"

जना रडकुंडीला आला. आवडलेलं निवडलं तरी चूक, न आवडलेलं निवडलं तरी चूक! पण शेवंतीला काय सांगणार, म्हणून मुकाट्याने पाट्या उचलू लागला.

दिवस कलला. जनाचे खांदे भरून आले होते, मूठ नीट वळत नव्हती. तो चिखलातच बसला होता तेव्हा आबा तिन्ही वल्ही घेऊन आले.

"ओहोटी लागलीय. ऊठ. मला डोणीतून वरच्या धक्क्यावर सोड."

"आत्ता? आबा, हात उचलत नाहीत."

"म्हणून तर आत्ता. निवड."

जनाला काहीच उमगलं नाही. हट्टाने त्याने रुंदच घेतलं. आबा पुढे बसले, डोण मुखाकडे ओढणाऱ्या प्रवाहात शिरली. पहिला फटकारा बरा गेला. दुसऱ्याला पाण्याने पातं असं धरलं की खांद्यातून कळ निघाली. चौथ्या-पाचव्याला त्याला ते ओढवेना. मध्ये जरा थांबला तेवढ्यात डोण मागे सरकली. पुन्हा जोर लावला, पुन्हा थांबला, पुन्हा मागे. धक्का दूर जात होता आणि पाठीमागून मुखाची गाज जवळ येत होती. जना भ्यायला, आणि भीती त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसली.

आबांनी शिवणीचं वल्हं मागे दिलं. जनाने ते पाण्यात घातलं. एका फटकाऱ्याने डोण जेमतेम हातभर सरकली. पण दुसरा मारता आला. तिसराही आला. नुसता विसावाच नाही, चाळिसावाही आला. वाहवा करावी असं त्यात काही नव्हतं. काठाची झाडं सावकाश मागे जाऊ लागली आणि बऱ्याच वेळाने डोण धक्क्याला टेकली.

"आता ऐक," आबा म्हणाले. "सकाळचा माणूस आणि संध्याकाळचा माणूस एक नसतो. वल्हं निवडायला येतो तो ताजातवाना, आणि ते मारावं लागतं दमलेल्याला. मासा गळाला लागला की भरती कधी सरली हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. मग उलट्या पाण्यातून यायचं असतं. जायला कोणतंही वल्हं चालतं, जना."

"हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर?"

"मान डोलावली असतीस आणि घरी जाऊन रुंदच कोरलं असतंस." मग आबा हलक्या आवाजात म्हणाले, "माझ्या धाकट्या भावाला मी सांगितलंच होतं. पण निवडू दिलं सकाळी. तुझ्यासारखाच जोरकस होता. डोण तेवढी मिळाली आम्हाला."

जनाने खाली पाहिलं. तीन दिवसांत मनातल्या मनात म्हाताऱ्याला काय काय म्हटलं होतं ते त्याला आठवलं आणि लाज वाटली.

"उद्या जा मुखाशी," आबा उठत म्हणाले. "शेवंतीला सांग, मी हो म्हणालो."

आपणही सारं काही उमेदीच्या सकाळी निवडतो, काम निवडतो, वचनं देतो, आणि निभावायची वेळ येते ती दिवस कलल्यावर.

जना घरी पोचला तेव्हा शेवंती दारातच उभी होती. तिने ते किरकोळ वल्हं उलटसुलट करून पाहिलं. "तीन दिवस घालवून हे? हे एवढंसं पुरेल का?"

"परत यायला पुरतं," जना म्हणाला.