अबलखरावांच्या तोंडावरच्या माश्या

डोंगरापलीकडे एक कुरण होतं. कुरणाला राजा नको होता, पण राजाला कुरण हवं होतं, म्हणून तिथे राज्य झालं. राजा होता तरस. तो स्वतः शिकार करत नसे. दुसऱ्याने केलेल्या शिकारीला हजर राहून आशीर्वाद देत असे.

राज्यात सभा होती. ठराव मान्य असेल तर पुढचा पाय उचलायचा, नसेल तर खाली ठेवायचा. एकदा ठराव आला, की कुरणाची राखण लांडग्यांकडे द्यावी. लांडगे गवत खात नाहीत, त्यामुळे गवत सुरक्षित राहील, असं ठरावात म्हटलं होतं. गवत खाणाऱ्यांचं काय होईल, हे म्हटलं नव्हतं. लांडगे राजाचे व्याही आहेत, हेही म्हटलं नव्हतं.

घोड्यांच्या कळपाने पाय उचलले नाहीत. ठराव एका पायाने पडला.

"एक घोडा आणा," राजा प्रधानाला म्हणाला. प्रधान मुंगूस होता.

मुंगसाने अबलख नावाचा घोडा हेरला. कळपाची म्होरकी सारजा, तिचा हा नवरा. स्वभावाने गरीब आणि गुळाला हावरा.

"अबलखराव, नवी पागा बांधलीय. नुसती बघून या. गूळ ठेवलाय."

"सारजाला विचारून येतो."

"वहिनी नाही म्हणाल्या तर?"

"नाहीच म्हणेल ती," अबलख म्हणाला, आणि न विचारताच गेला. तो आत जाताच पाहुण्यांच्या सुरक्षेसाठी दाराला बाहेरून अडसर लागला.

गूळ संपेपर्यंत अबलख बरा होता. मग त्याने मान वळवली, तर शेजारी कोणी नव्हतं. तो खिंकाळला. भिंतीच्या कडेने येरझारा घालू लागला. घामाने निथळला. गव्हाणीतलं गवत त्याने अर्धंच खाल्लं. उरलेलं नाकाने सारून बाजूला ठेवलं, कोणी यायचं असल्यासारखं. राजाला हे समजेना. त्याला राणी होती तेव्हाही तो एकटाच खायचा.

त्यात माश्या. घोड्यांची एक रीत आहे. दोघं उलटसुलट उभे राहतात, एकाचं तोंड दुसऱ्याच्या शेपटीकडे. तुझ्या तोंडावरच्या माश्या मी वारतो, माझ्या तू वार. अबलखाला शेपटी होती, पण माश्या तोंडावर होत्या.

"पाय उचलून दाखवा बरं," मुंगूस म्हणाला.

"शेजारच्याने उचलल्याशिवाय आमच्यात कोणी उचलत नाही. शेजारी कुठाय?"

राजवैद्य बगळ्याला बोलावलं. तो एका पायावर विचार करून म्हणाला, "याची सवय हळूहळू मोडावी लागेल. सोबती थोडा वेळ नजरेआड करायचा, लगेच परत आणायचा. मग आणखी थोडा वेळ. गेलेलं परत येतं असं कळलं की घोडा शांत होतो."

"किती दिवस लागतील?"

"घोडा म्हणेल तितके."

"ठरावावर पुन्हा मतदान उद्याच आहे."

"मग आरसा लावा."

आरसा लावला. आरशातल्या घोड्याने शेपटी हलवली, पण माशी एकही उठली नाही. "हा नुसता दाखवतो," अबलख म्हणाला, "करत काही नाही."

"याला मंत्री करा," राजा म्हणाला.

मग सोबतीला शेळी दिली. तिने बाजूला ठेवलेलं अर्धं गवत खाल्लं आणि त्यागावर भाषण केलं. शेवटी माशी निवारण महामंडळ निघालं. अध्यक्षपदी राजाचा पुतण्या बसला. त्याने कार्यालयात जेवणासाठी जुनं मांस ठेवलं, आणि माश्या चौपट झाल्या.

मतदान पुढे ढकलून मुंगूस म्हणाला, "महाराज, याचा एक सोबतीच आणू."

कुमेत नावाचा घोडा आणला. दोघं उलटसुलट उभे राहिले. माश्या उठल्या. अबलख पोटभर जेवला. पण कुमेत भावासाठी खिंकाळू लागला. भाऊ आणला, तर तो मेहुण्यासाठी खिंकाळू लागला. असं करत सारजा सोडून सगळा कळप पागेत आला. येईल त्याला खातं मिळालं. गवत, ओलं गवत, वाळलेलं गवत, आणि खाती संपल्यावर गवताबाबतचे सल्लागार. ठराव दणक्यात मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी सारजा पागेच्या दाराशी आली.

"अहो, चला घरी."

"अगं, तूच आत ये. सगळे इथेच आहेत."

"मग कुरणात कोण?"

अबलखाने विचार केला. "तू."

"आणि मी आत आले तर?"

"मग कोणीच नाही. म्हणजे एकटं वाटायलाही कोणी उरणार नाही."

सारजाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "तोंडावरच्या माश्या कोण वारतं हल्ली?"

"कुमेत. पण त्याची शेपटी डोळ्यात जाते."

"होईल सवय," सारजा म्हणाली आणि वळली.

तिलाही एकटं राहवत नव्हतं. पहिल्यांदा ती पागेतला आवाज ऐकू येईल एवढ्याच अंतरावर चरली आणि परत भिंतीशी आली. मग आणखी थोडी लांब गेली, परत आली. बगळ्याचा उपाय तिला कोणी सांगितला नव्हता. एक दिवस ती आवाज ऐकू येईना इतकी लांब गेली, कुरणाच्या मधोमध उभी राहिली, आणि खाली मान घालून चरू लागली.

लांडग्यांनी तक्रार केली. कळपाचं कोणी कुरणात उभं असेपर्यंत कुरण कळपाचं, असा जुना कायदा होता. तो रद्द करायचा राहून गेला होता.

सभा भरली. खरा कळप कोणता, हा प्रश्न होता. सभापती गिधाड म्हणाले, "जिथे जास्त शेपट्या, तो कळप. मान्य असेल त्यांनी पाय उचला."

अबलखाने डावीकडे पाहिलं. कुमेतचा पाय वर होता. उजवीकडे पाहिलं. तिथलाही वर होता. त्याचा पाय आपोआप उचलला गेला.

निकाल सांगायला कावळा कुरणात आला. "सारजाबाई, कळप सोडल्याबद्दल तुम्ही अपात्र ठरलात. कुरण लांडग्यांचं झालं."

"मी तर इथून हललेसुद्धा नाही."

"तोच ठपका आहे. सगळा कळप गेला, आणि तुम्ही फुटून इथे राहिलात."

"दाद कुठे मागायची?"

"न्यायमूर्ती कासवांकडे. पण सुनावणी पुढच्या निवडणुकीनंतर आहे. तोवर सगळं जैसे थे ठेवा म्हणालेत."

"म्हणजे कुरण तोवर माझं?"

"नाही," कावळा म्हणाला. "तोवर लांडग्यांचं."