रिकाम्या टाकीतलं खाणं

"आत्ताच तर पाण्यात विष शून्य दाखवलं मी तुम्हाला! टाकीत मासा नाही, माशाचं पिल्लू नाही... मग हे खाणं कुणाला घालताय, आक्का?"

नीलाक्कांनी बोटं झटकली. माशांच्या खाण्याची चिमूट पाण्यावर तरंगत राहिली.

"जे अजून आलं न्हाईत, त्यास्नी," त्या म्हणाल्या.

गडहिंग्लजच्या अलीकडं, नदीकाठी नीलाक्कांचा लहानसा मठ. कुणा भक्तानं तिथं काचेची टाकी आणून दिली होती, माशांसाठी. सोबत पाणी तपासायची पेटीही दिली होती.

विचारणारा होता रुद्राप्पा. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रस तपासता तपासता निवृत्त झालेला. नळीतला रंग आणि दुसऱ्याची चूक, दोन्ही त्याला लांबूनच दिसत.

आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून त्यानं एकदा भरलं ताट अंगणात भिरकावलं होतं. पहिल्यांदा नव्हे. बायको सुवर्णा त्या दिवशी एवढंच म्हणाली, "या घरात एक तर तुमचा राग राहील, नाही तर मी."

मग तोच निघाला आणि माळावरच्या खोपीत जाऊन राहिला. दिवाळीपासून तिथंच. घरी कधी येऊ, म्हणून निरोप धाडला तर उत्तर आलं, "आक्का म्हणतील तेव्हा."

म्हणून आज तो मठात आला होता, आणि आल्या आल्या म्हणाला होता, "आक्का, माझा राग गेला. इतक्या महिन्यांत एकदाही आला नाही. सुवर्णाला तेवढं सांगा."

"खोपीत आनि कोन हुतं?"

"कुणी नाही. मी एकटा."

"असं..." आक्का म्हणाल्या, आणि त्यांनी टाकीकडं बोट केलं. "सुवर्णाच्या हौदातली सोनेरी पिल्लं सोडायची हाईत ह्यात. पानी बघ जरा."

हे तर त्याच्या हातचं काम. त्यानं पेटीतल्या नळीत पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले, उजेडात धरलं. पिवळं. अमोनिया असता तर हिरवं झालं असतं. त्या विषानं मासे मरतात.

"शून्य!" तो खुशीत म्हणाला. "पाणी तयार आहे."

"कोन म्हनलं?"

"नळी म्हणाली."

"नळी शून्य म्हनली. तयार तू म्हनलास."

आणि त्यांनी ती चिमूट टाकली.

"हे कुजेल, आक्का. अमोनिया होईल. चांगलं पाणी नासेल!"

"नासू दे की. रोज नळी तूच बघ. आनि तवर मल्लव्वाच्या हाताखाली लाग."

मल्लव्वा मठाची स्वयंपाकीण. हातात पळी आणि तोंडात तोफ. देवाच्या नैवेद्यालाही तिनं नावं ठेवली असती, पण तो तिनंच केलेला असे.

"पीठ असं मळत्यात व्हय? कारखान्यात काय पोती उचलत हुता?"

रुद्राप्पानं दात आवळले. दुसऱ्या दिवशीही आवळले. पुढं एके दिवशी परात अशी आपटली, की ओसरीवरची कबुतरं उडाली.

त्याच सकाळी नळी हिरवी झाली.

तो मान खाली घालून आक्कांपुढं उभा राहिला.

"बिघडलं, आक्का."

आक्कांनी नळी बघितली आणि लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. "हिरवं झालं! अगं मल्लव्वा, हिरवं झालं!"

"सगळं पाणी ओतून टाकतो. नवं भरतो."

"भर. पुन्यांदा शून्य यील. ते काय, तुझ्याजवळ हुतंच की."

रुद्राप्पानं बादली खाली ठेवली.

रोज एक चिमूट पडत राहिली. रोज मल्लव्वाचं तोंड चालत राहिलं. काही आठवडे गेले. मग हिरवा रंग फिका होत होत एकदाचा गेला.

"राग पण गेला, आक्का," तो म्हणाला. "परवापासून आवाज चढवला नाही मी."

"पेटीतल्या दुसऱ्या बाटलीतलं औषध घालून बघितलंस?"

बघितलं होतं. सांगायचं टाळत होता. "त्यानं जांभळं येतंय. अमोनिया गेला, पण त्याचं दुसरंच विष झालंय. तेही वाईट."

"मल्लव्वाशी बोलतोस?"

रुद्राप्पा बाटलीचं टोपण घट्ट लावू लागला.

"बोलतोस का न्हाई?"

"परवापासून नाही."

आक्का इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. पाणी आणायला मल्लव्वाच धावली.

घोटभर पिऊन आक्कांनी विचारलं, "बरं, त्यो पयला अमोनिया खाल्ला कुनी?"

"जिवाणूंनी," रुद्राप्पा हुशारीनं म्हणाला. "दगडांवर बसतात. दिसत नाहीत."

"पानी चांगलं हुतं तवा कुटं हुते?"

"तेव्हा वाढले नव्हते. त्यांना खायलाच काही..."

तो मध्येच थांबला. टाकीत बुडबुडे वर येत होते, त्यांच्याकडं पाहत राहिला. मग उठून स्वयंपाकघरात गेला.

"मल्लव्वा," तो म्हणाला, "पीठ कसं मळायचं ते पुन्हा एकदा दाखव."

मल्लव्वाच्या हातातली पळी पहिल्यांदाच हवेत अडकली.

पुढं एके सकाळी त्याची भाकरी बघून ती म्हणाली, "ही भाकरी हाय का कासव?" आणि रुद्राप्पा खो खो हसला. हसतच टाकीशी गेला. आदल्या दिवशीची चिमूट पडून विरघळली होती. त्यानं दोन्ही बाटल्यांची औषधं वापरून बघितली. दोन्हींत शून्य.

"आक्का! टाकलेलं सगळं पचलं!"

आक्कांनी सुवर्णाला निरोप धाडला.

ती आली. एका हातात सोनेरी पिल्लांची किटली, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा. मासे टाकीत सुटले, काचेपाशी आले, खाली गेले, पुन्हा वर आले. आनंदानं सगळ्यांचे डोळे भरले. मल्लव्वा म्हणाली, चुलीचा धूर.

रुद्राप्पा खांबाला धरून उभा होता.

सुवर्णानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग डबा पुढं केला.

"आमटीत मीठ आज मुद्दाम जास्त घातलंय. आधीच सांगते."

"मग दोन भाकऱ्या जास्त लागतील," रुद्राप्पा म्हणाला आणि त्यानं आपल्या जाड भाकऱ्यांची टोपली पुढं केली. "कासवं चालतील?"

सुवर्णा आधी हसली, मग पदरानं डोळे पुसत हसली. "चला आता घरी," ती म्हणाली.

दोघं पाया पडायला वाकली, तेव्हा आक्कांनी माशांच्या खाण्याच्या डबीतलं थोडं खाणं पुडीत बांधून सुवर्णाच्या हातात दिलं.

"आक्का, मासे तर इथंच राहणार. मला हे कशाला?"

आक्कांनी रुद्राप्पाकडं पाहिलं.

"ह्येला बी रोज चिमूटभर लागतंय गं."