सारजा परटिणीनं उकळलेली वाकळ

तांबुळदरीसारखं निर्मळ गाव दहा कोसांत सापडायचं नाही. आता सापडायचं नाही. फार फार वर्षांमागं मात्र पुजाऱ्यापासून गुराख्यापर्यंत सगळ्यांना खरूज होती, आणि आरती चालू असताना टाळ वाजवायला कुणाचा हात मोकळा नसे.

गावाची एक मानाची वाकळ होती. बाळ जन्मलं की पाचवीला त्याला तीत गुंडाळायचे, मग ती पाटलांच्या माडीवर पुढच्या बाळाची वाट बघायची. सात पिढ्यांत तिला पाणी लागलं नव्हतं. धुतली तर पुण्याई वाहून जाईल, म्हणे.

सारजा परटिणीची दोन नातवंडं पाचवीला त्या वाकळेत निजली आणि फोडांनी भरली. धाकटं गेलं. पुन्हा लेकीला मुलगी झाली, तेव्हा सारजानं पाचवीची वाट बघितली नाही. चौथ्या दिवशी भर दुपारी पाटील घोरत असताना तिनं वाकळ काखोटीला मारली आणि भट्टीवरच्या हंड्यात, राखेच्या पाण्यात बुडवली.

गाव काठ्या घेऊन धावलं. एका हातात काठी, दुसऱ्यानं खाजवणं चालूच.

असं म्हणतात, लाकडं संपली तरी भट्टी विझेना. काळं पाणी ओढ्याला गेलं, तेव्हा मासेसुद्धा अंग घासायला खडकावर चढले. आणि वाकळ वर आली ती लालपिवळी.

“ही आमची नव्हे,” पाटील म्हणाले.

“तुमचीच हाय. वरचा मळ तेवढा सगळ्यांचा व्हता.”

“पोरीला काही झालं तर तुला वेशीबाहेर घालू, सारजे.”

“घाला. पहिली माझीच नात निजंल हिच्यात.”

उन्हात कडक वाळवलेल्या वाकळेत पोर निजली. महिनाभर गाव तिच्या अंगावर फोड शोधत होतं. एक सापडला, तो डासाचा निघाला. मग पाटीलच आपली गोधडी घेऊन आले.

“एकट्याची न्हाई घेत,” सारजा म्हणाली. “समद्यांची आणा, एकाच दिशी. एक घर चुकलं की पुन्हा सगळं गाव खाजवंल.”

असं म्हणतात, त्या दिवशीची वाफ सात गावांना ढग वाटली.

अजून दर चैत्रात तिथं ‘सारजेची भट्टी’ लागते. झाडून साऱ्या घरांची अंथरुणं उकळतात, तापल्या कातळावर वाळतात. लेकरांची नखं काढून त्यांना अंघोळी घालतात. पहिला मान पाटलांचा. औंदा आताचे पाटील भट्टी सांभाळणाऱ्या म्हातारीला म्हणाले, “आमची धुतलेलीच आहेत, गंगूआत्या.”

म्हातारीनं मान वर केली. “मग पाठ का घासताय खांबाला?”