पलीकडच्या घरचं मीठ

गोष्ट फार जुनी आहे, पण ज्यांनी ऐकायला हवी त्यांनी अजून ऐकलेली नाही.

एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. बंधाऱ्याचं पाणी कुणाचं, यावरून ती हातघाईवर आली होती. राजाचे कारभारी येऊन गेले. दोन्हीकडच्या पाटलांचा पाहुणचार झोडून, दोघांनाही 'तुमचंच खरं' असं सांगून गेले. बायांना कुणी काही विचारलं नाही. शेवटी लढायचा दिवस ठरला.

कोंडाईचं सासर अलीकडे, माहेर पलीकडे. कुऱ्हाड घेणाऱ्यांत अलीकडे तिचा लेक होता, पलीकडे तिचा पाठचा भाऊ. कुणीही मेलं तरी सुतक तिलाच.

तिनं धुण्याच्या घाटावर दोन्ही गावच्या बायांना गाठलं. घाटावर भांडण कधी पोचलंच नव्हतं. वरच्या अंगाला पिण्याचं पाणी, खालच्या अंगाला धुणं, हा नेम बायांनी आपसात कधीचाच घालून घेतला होता. कोंडाईचा बेत ऐकून एक म्हातारी म्हणाली, गडी बडवतील आपल्याला.

"रडायचं तर आहेच," कोंडाई म्हणाली. "मार खाऊन रडू, मढ्यावर नको."

ठरल्या दिवशी बाया शिदोऱ्या घेऊन काठावर आल्या. गडी पोटभर जेवले. कोंडाईच्या लेकानं बोटं चाटत विचारलं, "आई, आज कारळ्याची चटणी कशी? तू तर जवसाची करतेस."

"तुझ्या मामीच्या हातची आहे. माझी तिकडं तुझा मामा खातोय."

येताना बायांनी घाटावर टोपल्या बदलल्या होत्या. आणि ज्या घरचं मीठ खाल्लं त्या घरावर हात उचलायचा नाही, ही रीत दोन्ही गावांत शेंबड्या पोरालाही ठाऊक होती.

पाटील खवळले. हा दगा आहे, म्हणाले.

"दगाच आहे, पाटील. तुम्ही आम्हाला भाकरी थापायला सांगितलीत. लढायचं की नाही, ते विचारलं नाहीत."

लेकानं कुऱ्हाड खाली ठेवली. पलीकडे मामानंही ठेवली. मग बाकीच्यांना उचलून धरायची लाज वाटू लागली.

पाटील पुन्हा कारभाऱ्यांना बोलावणार होते. कोंडाईनं दोघाही पाटलांना घाटावर नेऊन बसवलं. सकाळचं पाणी पलीकडे, दुपारनंतरचं अलीकडे, असं बायांच्या देखत ठरलं आणि टिकलं.

अजूनही वर्षातून एकदा दोन्ही गावं काठावर बसून एकमेकांची शिदोरी खातात, आणि कुणाची चटणी सरस यावरून कडाकडा भांडतात.

तात्पर्य एवढंच: तह करायचा असेल तर पहिला पाट त्यांना मांडा, ज्यांना दोन्हीकडचं सुतक लागतं.