गोठ्यातला खुंटा

“पोरगी वाईट नाही गं, पण सून म्हणून गोठ्यातला खुंटाच आणलाय आम्ही. बोलत नाही की हलत नाही.”

कितीएक पिढ्यांमागची ही गोष्ट. नदीकाठी नावाड्याचं एक घर होतं आणि त्या घरातली सासू भिंतीपलीकडे शेजारणीला हे सांगत होती. भिंतीअलीकडे नवी सून जमीन सारवत होती. तिने सगळं ऐकलं. सारवणारा हात मात्र थांबला नाही.

त्या घराचा एक रिवाज होता. रोज सूर्य डोक्यावर यायच्या आत नाव पाण्याला टेकलीच पाहिजे. ज्या दिवशी टेकणार नाही, त्या दिवशी ती जाळायची आणि वल्ही कायमची खाली ठेवायची. असा दिवस उजाडेल असं कुणालाच वाटत नव्हतं. नदी कुठे जाणार?

आणि एका सकाळी ती गेली.

रात्री वर डोंगरात काहीतरी कोसळल्याचा आवाज झाला होता. पहाटे सासरे वल्हं खांद्यावर टाकून घाटावर गेले आणि शेवटच्या पायरीवर थिजले. समोर पाणीच नव्हतं. ओली वाळू, तिच्यात तडफडणारे मासे आणि एका अंगावर कलंडलेली नाव.

सगळं घर धावत आलं. “आई, नदी कुठंय?” सुनेच्या नवऱ्याने विचारलं, जणू आईने ती फडताळात ठेवली होती. सासरे गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी वाळू उकरू लागले. सासूने कपाळ बडवलं. “घरात नवी पावलं आली नि हे झालं!”

शेजारीण सुनेच्या पायांकडे बघू लागली. सूनही बघू लागली. आता पायांखालची वाळूही जाईल असं तिला वाटलं.

तेवढ्यात गोठ्यात म्हैस रेकली. नदी गेली तरी तिची कास भरलेलीच होती. सून चरवी घेऊन निघाली.

“बघा, बघा! इथं आभाळ कोसळलंय आणि ही चालली धार काढायला!” सासू ओरडली.

सुनेने म्हशीच्या कुशीला कपाळ टेकवलं. चरवीत धार वाजू लागली. धारेच्या लयीत श्वास हळूहळू जागेवर आला आणि त्याच्यामागून मनही. तेव्हा तिला धारेच्या आवाजाखालचा दुसरा आवाज ऐकू आला, गोठ्यामागून येणारा. समोरच्या खुंट्यावर बोटभर खोल चर होते. रोज दिसायचे; आज तिने ते नीट पाहिले. म्हशीच्या दाव्याने एवढे चर पडत नाहीत.

ती उठून गोठ्यामागच्या बांबूच्या बेटात शिरली आणि तिच्या हातातली चरवी गळून पडली. कालपर्यंत ज्या घळीत शेरडं चरत होती, तिथून नदी वाहत होती.

ती धावत घाटावर आली. सूर्य चढला होता. सासरे पेटतं लाकूड घेऊन नावेपाशी उभे होते, रडत होते. ज्यांच्यासमोर तिने कधी मान वर केली नव्हती, त्यांच्या हातातून तिने ते लाकूड ओढून घेतलं आणि ओल्या वाळूत खुपसलं. मग तिने सासूचं मनगट धरलं आणि ओढत नेलं.

“अगं सोड! वेड लागलं काय? बोल तरी काहीतरी!”

मागोमाग सगळे धावले. सुनेने त्यांना बांबूंपलीकडची नदी दाखवली आणि मग गोठ्यातल्या खुंट्यापाशी नेलं. सासऱ्यांनी त्याच्या चरांतून बोट फिरवलं. “हे तर नावेच्या दोराने पडलेले चर. आपले पणजे इथंच नाव बांधत असणार!”

म्हणजे नदी पूर्वीही इथे होती. निघून गेली होती, तरी घर टिकलं होतं. फक्त ते विसरून त्यांनी खुंट्याला म्हैस बांधली होती.

मग बांबू छाटले, ओंडके अंथरले, अख्ख्या गावाने खांदा लावला. सूर्य डोक्यावर यायला चार बोटं उरली असताना नाव पाण्याला टेकली. पण नवी धार जबर होती. नाव खेचली जाऊ लागली. दोर सासूच्या हातात. ती ओरडली, “अगं बाई, बांधू कुठं? कुठं बांधू आता?”

सुनेने म्हैस सोडली, खुंट्याला पाठ टेकवून उभी राहिली आणि हात पुढे केला.

“खुंटा बोलत नाही, आत्याबाई, पण तो हलतही नाही. द्या दोर इकडं.”

जग जागा सोडतं तेव्हा ज्याचं मन जागेवर असतं, त्यालाच नवा किनारा आधी दिसतो.