टिपरीची वाहवा

गोठ्याच्या भिंतीत एक बीळ. बिळात टिपरी चिचुंद्री. इवलीशी.

एकदा दुपारी सगळे झोपले होते. खुराड्यात साप शिरला. सळ सळ सळ.

टिपरी ओरडली. चिक् चिक् चिक्.

सगळे जागे झाले. सगळे वाचले. पण साप जाता जाता टिपरीची अर्धी शेपटी घेऊन गेला.

मग मोर आला. पिसारा फुलवून उभा राहिला. म्हणाला, "साप मी पळवला."

गोठ्यात रोज सकाळी वाहवा व्हायची. वाहवा म्हणजे काय? ज्याने चांगलं काम केलं, त्याचं नाव कोंबड्याने भिंतीवरून घ्यायचं. मग सगळ्यांनी म्हणायचं, वाहवा, वाहवा.

सकाळ झाली. कोंबडा आरवला, "मोराची वाहवा!"

सगळे म्हणाले, "वाहवा, वाहवा."

टिपरीचं नाव कोणी घेतलं नाही.

टिपरी निघाली. तुरू तुरू तुरू. कोंबड्याकडे गेली.

"कोंबडेदादा, कोंबडेदादा, माझं नाव घे. साप आला तेव्हा मी ओरडले."

कोंबडा म्हणाला, "मी पाहिलं नाही. कोंबडी बोलली, तर मी नाव घेईन."

तुरू तुरू तुरू.

"कोंबडीताई, कोंबडीताई, खरं बोल.
कोंबडा नाव घेईना."

कोंबडीची सहा पिल्लं वाचली होती. तिला सगळं माहीत होतं. पण मोर बघत होता. मोराची चोच टोकदार होती.

ती म्हणाली, "शेळी बोलली, तर मी बोलेन."

तुरू तुरू तुरू.

"शेळीमावशी, शेळीमावशी, खरं बोल.
कोंबडी बोलेना,
कोंबडा नाव घेईना."

शेळी पाला चघळत राहिली. कचर कचर.

ती म्हणाली, "कुत्रा बोलला, तर मी बोलेन."

तुरू तुरू तुरू.

"कुत्रेभाऊ, कुत्रेभाऊ, खरं बोल.
शेळी बोलेना,
कोंबडी बोलेना,
कोंबडा नाव घेईना."

राखण कुत्र्याची होती. आणि कुत्राच झोपला होता. आता हे सांगायचं कसं?

तो म्हणाला, "बैल बोलला, तर मी बोलेन."

तुरू तुरू तुरू.

"बैलमामा, बैलमामा, खरं बोल.
कुत्रा बोलेना,
शेळी बोलेना,
कोंबडी बोलेना,
कोंबडा नाव घेईना."

बैल म्हणाला, "कोंबड्याने नाव घेतलं, तर मी बोलेन."

टिपरी थांबली. आता जायचं कुठे? पुन्हा कोंबड्याकडे? पुन्हा कोंबडीकडे?

टिपरी गोठ्याच्या मधोमध बसली.

ती म्हणाली, "बरं. साप पुन्हा येईल. मी बिळात बसेन. मी ओरडणार नाही."

शेळीचं चघळणं थांबलं. सहा पिल्लं कोंबडीच्या पंखाखाली शिरली.

वैरणीत काहीतरी वाजलं. सळ सळ सळ.

वारा होता. पण कोणी हसलं नाही.

बैल उठला. म्हणाला, "मी पाहिलं. टिपरी ओरडली. मोर नंतर आला."

बैल बोलला, म्हणून कुत्रा बोलला.
कुत्रा बोलला, म्हणून शेळी बोलली.
शेळी बोलली, म्हणून कोंबडी बोलली.
कोंबडी बोलली, म्हणून कोंबडा भिंतीवर चढला.

"टिपरीची वाहवा!"

सगळे म्हणाले, "वाहवा, वाहवा."

टिपरी उठली नाही. ती म्हणाली, "मोर बोलला नाही."

सगळ्यांनी मोराकडे पाहिलं. मोराने पिसारा मिटला. तो हळूच म्हणाला, "वाहवा."

टिपरी म्हणाली, "ऐकू आलं नाही."

मग मोर मोठ्याने म्हणाला.